फार्क्लेम्ट

ट्रेमध्ये चार वस्तू होत्या: नव्वद मिलिलिटर पाण्याचा पेला, चमचा, घड्याळ आणि कागदी रुमाल. पलंगावर फिशल झाल्त्सबर्ग, वय एक्क्याऐंशी. पक्षाघात होऊन अकरा दिवस झालेले. खुर्चीत त्यांची बायको हिंदे. तीही अकरा दिवस तिथेच.

"न थांबता, न खोकता प्यायचं, आजोबा," मी म्हणाले. "जमलं की शुक्रवारी घरी."

मी या इस्पितळात गिळण्याच्या चाचण्या घेते. ब्रुकलिनच्या याच ज्यू गल्ल्यांत, त्यांची यिद्दिश भाषा बोलतच वाढले. फिशलना आधी दोनदा ठसका लागला होता. आज लागला तर जेवण भरवायला पोटात नळी आणि मग घराऐवजी वृद्धांचं शुश्रूषागृह. हिंदेला एकटीला घरी नळी सांभाळणं जमणार नव्हतं.

फिशलनी पेला ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला. हनुवटी थरथरत होती.

"स्नायू साथ देत नाहीयेत," मी म्हणाले.

"स्नायू कसले, पोरी! फार्क्लेम्ट झालेत ते."

हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते. तो आतून कधी बघितला नव्हता.

"म्हणजे नक्की काय, मावशी? रडू?"

"रडू बाहेर तरी पडतं. हे आतून आवळतं. यांच्या बाइंडिंगच्या कारखान्यात पुस्तकं शिकंज्यात घालून आटे फिरवायचे, तसं."

"फक्त दुःखातच?"

"छे! लेकीच्या लग्नात मंडपाखाली असेच उभे होते, तोंडातून शब्द नाही. आईला पुरून आले तेव्हाही असेच. मागच्या दोन्ही वेळी तू 'घरी' म्हणाली होतीस ना?"

म्हणाले होते. मी फोनवर शब्द शोधला. जुन्या जर्मनमधलं क्रियापद: चिमटीत धरणं, आवळणं.

"मग सैल कसं करायचं?"

"आधी तू घराचं नाव काढू नकोस." गुडघ्यांवर हात टेकून ती उठली. "अहो, ऐकताय का? पाणी आहे ते. माझं सूप नाही, तोंड वाकडं करायला. पंचावन्न वर्षं खारट खारट म्हणत तीन-तीन वाट्या ओरपल्यात!"

फिशलची नजर तिच्याकडे वळली. ओठांची चांगली बाजू हलली.

"खा... रट."

"खारट म्हणे! आणि तुमच्या बहिणीच्या हातचं? भांडी धुतल्याचं पाणी नुसतं!"

त्यांनी पेला उचलला. मी घड्याळ सुरू केलं. हिंदेचं चालूच होतं. बहीण, बहिणीचे काटे न काढलेले मासे, त्या माशांची यांनी भर पंगतीत केलेली स्तुती. मग एका वाक्याच्या मधेच तिचा आवाज बंद झाला. तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. एक हात गळ्यावर होता.

फिशल पीत राहिले.

नव्वद मिलिलिटर. एकोणीस सेकंद. खोकला नाही.