पदूने न पाहिलेला शेवट

मी एक जुना व्हीसीआर आहे. खालापूरजवळच्या एका गावात, भाताच्या कणगीमागे, गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलेला पडून असतो. माझी वायर उंदरांनी कुरतडली आहे. गावातली मुले मला भुताचा डबा म्हणत. मित्रांनो, मी भुते दाखवली हे खरे आहे. पण पडद्याबाहेर, या गावात, जे एक भूत शिरले, त्याला आत घेण्यात माझाही हात होता. ते सांगून टाकल्याशिवाय मला चैन पडायचे नाही.

माझा जन्म दूरदेशी झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या मुलींनी माझे स्क्रू आवळले आणि मला थर्माकोलमध्ये झोपवले. १९८४ साली पदूने मला मुंबईहून आणले. पदू खोपोलीच्या एका कारखान्यात कामाला होता. सातवीपर्यंत शिकलेला, पण बोलायला लागला की चालत्या बैलाने थांबून ऐकावे असा. एसटीत त्याने मला दोन्ही हातांनी मांडीवर धरले होते. इतक्या मायेने मला नंतर कोणी धरले नाही.

भाताची खोली रिकामी करून त्याने खिडक्यांना गोणपाटे ठोकली आणि दर रविवारी दुपारी तीनला खेळ सुरू केले. पुढे पोरे, मधे पुरुष, मागच्या दाराशी बायका. चित्रपट बहुतेक परदेशी आणि भीतीचे असत. मुखवटे घातलेले खुनी, बंद दारे, जिन्यावरून उतरणारे पाय. भाषा कोणालाच कळत नसे, पदूलाही नाही. पण हातात वेताची काठी घेऊन तो टीव्हीशेजारी उभा राही आणि चित्र बघता बघता गोष्ट सांगे. लोक चित्रापेक्षा त्याच्या आवाजाला घाबरत. ही आमची रीतच पडून गेली होती. माझी छाती तेव्हा अभिमानाने फुगलेली असे.

तुम्हाला गौराबाईविषयी सांगायला हवे. ती पदूच्या चुलतभावाची, धाकलूची बायको. तिचा थोरला मुलगा कान्हा पाताळगंगेच्या डोहात बुडाला होता. त्यानंतर ती जेवणाच्या वेळी त्याचेही पान वाढी आणि कधी कधी त्याच्याशी बोले. बाकी शेत, घर, धाकटी चार वर्षांची हिरू, सगळे ती नीट सांभाळत होती. गाव हळहळत असे, पण तिला कोणी टाकले नव्हते.

१९८५च्या थंडीत पदूने एक नवी कॅसेट आणली. तळ्याकाठचे लाकडी घर, त्यात एक आई आणि तिची लहान मुलगी. मुलगा तळ्यात बुडालेला. आई त्याच्या रिकाम्या खुर्चीशी बोलते, आणि घरात एकेक माणूस चाकूने मारला जातो. ते बघताना खोलीत कोणी खोकलेसुद्धा नाही. शेवटी शेवटी आई चाकू हातात घेऊन मुलीच्या खोलीच्या दारात उभी राहिली, आणि तेवढ्यात मी फीत गिळली.

खोटे कशाला बोलू, कित्येक महिने फीत वाचणारे माझे हेड कोणी साफ केले नव्हते. धुळीने रोलर माखले होते. पदूने झाकण काढले तेव्हा फितीचा चोळामोळा झाला होता. चाळीस माणसे अंधारात बसून होती. पुढे काय झाले, असे विचारत होती. आपल्याला माहीत नाही, हे वाक्य पदूला कधी म्हणताच येत नसे. तो काठी उचलून म्हणाला, "पोरगा मेला न्हवता रं. तो आयेच्या अंगात शिरला व्हता. आता ती पोरीला बी घेऊन जानार."

कोणीतरी मागे वळून पाहिले. मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनीच. मागच्या दाराशी गौराबाई हिरूला मांडीवर घेऊन बसली होती.

फितीचा शेवटचा सगळा भाग खराब झाला होता; पदूने तो कापून फेकला आणि उरलेले टोक चिकटपट्टीने रिळाला जोडले. लोकांच्या आग्रहाने तो चित्रपट आणखी पाच-सहा रविवार लागला, आणि दर वेळी पदूने तोच शेवट अधिक रंगवून सांगितला. पुढे पावसाळ्यात गौराबाईला भातलावणीच्या रांगेत कोणी शेजारी घेईना. हळदीला तिचे बोलावणे बंद झाले. तिची सासू सोनाबाई वाईट बाई नव्हती. पण तिचा एक नातू गेला होता आणि उरलेल्या नातीसाठी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिने हिरूला उचलले आणि रसायनीला आपल्या लेकीकडे नेऊन ठेवले. धाकलूने मान खाली घातली.

एका दुपारी गौराबाई एकटीच खोलीपाशी आली. दारातूनच तिने पदूला विचारले, "भावजी, त्या बाईनं खरंच पोरीला मारलं का?"

"मारलं, वयनी," पदू म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिले नाही. तो माझ्यावरची धूळ झटकत राहिला. मित्रांनो, त्या दिवशी मला तोंड असते तर!

अडीच वर्षे गेली. घरोघरी टीव्ही आले, खेळ थंडावले. मग खोपोलीच्या कॅसेटच्या दुकानात पदूला तेच तळे आणि तेच घर असलेले खोके दिसले. जुनी ओळख निघावी तसा तो हरखला. रजेच्या दिवशी दार लावून त्याने ते एकट्याने लावले. आई चाकू घेऊन दारात उभी राहिली. या वेळी मी अडखळलो नाही.

आतल्या अंधारात एक मुखवटा होता. आईने त्याच्या अंगावर उडी घेतली, मुखवटा ओरबाडला, आणि खाली तिच्या दिराचा चेहरा निघाला. सगळे खून त्याचे होते. आईने पोरीला पाठीवर घेतले आणि रक्ताळलेल्या पायांनी ती घराबाहेर, उन्हात आली. हे समजायला कोणतीही भाषा लागत नव्हती. पदूने ते तीनदा पाहिले. तिसऱ्यांदा तो माझ्यापुढे जमिनीवर बसला आणि तोंडात पंचा कोंबून रडला.

रविवारी त्याने घरोघर फिरून गाव बोलावले. या खेळाला काठी नव्हती. तो भिंतीला टेकून गप्प उभा राहिला. चाकूची जागा आली तेव्हा एवढेच म्हणाला, "मी हितवरच बघितलं व्हतं. पुढचं मनानं लावलं. आता तुमीच बघा." खेळ संपल्यावर गोणपाटे काढली तरी कोणी उठेना. सोनाबाईने डोळ्यांना पदर लावला होता.

दुसऱ्या दिवशी धाकलू रसायनीला जाऊन हिरूला घेऊन आला. पण सात वर्षांची पोर आईच्या घरात पाऊल टाकेना. ती बापाच्या पायांना घट्ट धरून राहिली. तेव्हा गौराबाईच म्हणाली की तिला भावजींकडे न्या. ते सगळे माझ्या खोलीत आले. गौराबाई बरीच लांब, भिंतीपाशी बसली.

"भावजी, गावाला सांगितलंत. आता हिला सांगा," ती म्हणाली. "ही तुमचीच गोष्ट घेऊन मोठी झालीय."

चाळीस माणसांचा श्वास रोखून धरणारा पदू पोरीसमोर उकिडवा बसला. हिरूने हळूच विचारले, "आयेच्या अंगात कोन हाय?"

"कोन नाय गं," पदू म्हणाला. "नुसती आये हाय. मी खोटं बोललो."

मित्रांनो, त्यानंतर मी कधी चाललो नाही. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याचे हेड वेळच्या वेळी पुसा, त्याला धुळीत टाकू नका. आणि ज्या गोष्टीचा शेवट तुम्ही स्वतः पाहिला नाही, तो कोणालाही सांगू नका. त्या गोष्टीतली बाई तुमच्याच खोलीत मागे बसलेली असू शकते.

मला गुंडाळून ठेवण्याआधी मी शेवटचे पाहिले ते एवढे. हिरू एकेक पाऊल टाकत भिंतीपर्यंत गेली. गौराबाई हलली नाही, तिने हातही पुढे केला नाही. पोरीने आईच्या दंडाला बोट लावले आणि तवा तापलाय का ते बघावे तसे चटकन मागे घेतले. मग थोडा वेळ थांबली, आणि पुन्हा लावले.