बिनचिठ्ठीचा कंद

“खाल्ले?” मेहुणीच्या हातातली रिकामी गोणी हातातच राहिली. “भाऊजी, सगळे खाल्ले?”

“मला वाटलं, रताळी आहेत.”

“उकडून?”

“मीठ घालून.”

बायको जाऊन दोन महिने झाले होते. गोणी ओट्याखाली होती, कोरड्या भुशाने भरलेली. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेल्या माणसाला ओट्याखाली काय असतं ते कुठून ठाऊक असणार? सात-आठ दिवस रोज संध्याकाळी त्याने त्यातली ‘रताळी’ उकडली. ना गोडी, ना चव, आणि धागे दातात अडकायचे. पण तिच्या हातून घरात आलेली शेवटची भाजी, टाकवेना. चावून चावून संपवत राहिला. एकदा तर भाजीवालीशी भांडून आला, “आमच्या हिच्या गळ्यात असली निबर रताळी मारलीस!” ती म्हणाली, “काका, यंदा मी रताळी आणलीच नाहीत.” त्याला वाटलं, खोटं बोलते.

ते डेलियाचे कंद होते. दर वर्षी फुलं संपून पानं वाळली की बायको कंद खणून काढायची, पुसायची, भुशात निजवायची आणि हंगाम आला की पुन्हा लावायची. बावीस वर्षं.

मेहुणी मटकन खाली बसली. तिचे खांदे हलायला लागले. रडतेय असं वाटून तो पाणी आणायला वळला, तर ती हसत होती. “ताई असती ना, तर तुम्हालाच कुंडीत पुरलं असतं!” त्यालाही हसू आलं. दोन महिन्यांतलं पहिलं.

“एक उरलाय,” तो म्हणाला. “देठाकडची मान फार कडक होती, म्हणून बाजूला ठेवला.”

मेहुणीने कंद उलटसुलट करून पाहिला. “मानेवर डोळा असेल तरच फुटतो. याला काही दिसत नाही, भाऊजी. जाऊ दे आता.”

त्याने भिंग डोळ्याला लावलं आणि खिडकीशी गेला. हरवलेली स्प्रिंग शोधावी तशी त्याने ती मान तसूतसू तपासली. मेहुणीचा चहा निवला.

“आहे,” तो म्हणाला. “टाचणीच्या डोक्याएवढा. गुलाबी. फूल कुठल्या रंगाचं येईल?”

“ते ताईलाच ठाऊक. प्रत्येकाला चिठ्ठी बांधायची ती, रंग लिहून.”

या खेपेला कंद काढले आणि चौथ्या दिवशी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. तिच्या शिवणाच्या डब्यात चिठ्ठ्या कापलेल्या होत्या, दोरेही ओवलेले होते. लिहिलेलं काही नव्हतं.

“लावा,” मेहुणी म्हणाली. “कोंब येईपर्यंत पाणी नाही. आणि उकरून बघायचं नाही.”

तिसऱ्या दिवशी तिचा फोन. “उकरलंत ना?”

“थोडंसंच.”

“भाऊजी, ते घड्याळ नाही मागचं झाकण उघडून बघायला!”

मग मात्र त्याने हात आवरला. तेविसाव्या दिवशी माती फुटली. पुढे काठी रोवून, सुतळी बांधून त्याने ते झाड कमरेएवढं वाढवलं.

दर वर्षी फूल उमललं की बायको मागच्या दारातून हाक मारायची, “अहो, या ना जरा, बघा तरी!” तो पुढच्या दुकानातून, भिंग न काढताच म्हणायचा, “आलो, आलो.” हातातलं घड्याळ संपेपर्यंत अंधार व्हायचा.

कळी उमलली त्या सकाळी तो मागचं दार उघडून बाहेर आला आणि पायरीवरच थांबला. जेवणाच्या ताटलीएवढं फूल. पाकळ्या बुडाशी निखाऱ्यासारख्या, टोकाला पिवळ्या, आणि मधला रंग तर डोळ्यांदेखत बदलत होता. त्याने भिंग लावलं. मधोमध मिटलेल्या पाकळ्यांची नक्षी, दोन पाकळ्यांच्या फटीत बरोबर तिसरी. एक रांग डावीकडे वळत गेलेली, तिच्यातूनच दुसरी उजवीकडे, आणि कुठे म्हणून काही घासत नव्हतं. चाळीस वर्षं त्याने नाजूक चाकं बसवली होती. इतकं चोख बसलेलं काही त्याने पाहिलं नव्हतं. आणि हे दर वर्षी त्याच्या दुकानापासून वीस पावलांवर उमलत होतं.

“काका, दुकान उघडताय ना?” पुढून कुणीतरी ओरडलं.

“आज नाही.”

तो गुडघे धरून फुलासमोर बसला. “आलो गं,” म्हणाला.

त्या हंगामात नऊ फुलं आली. नववं सुकलं, पानं वाळली, तेव्हा त्याने स्वतः खणलं. एका कंदाचे पाच झाले होते. पाचही डोळे भिंगातून पाहून घेतले, कंद पुसले, भुशात निजवले. गोणी ओट्याखाली नाही, दुकानातल्या कपाटात ठेवली.

मग तिचा शिवणाचा डबा घेऊन बसला. एका चिठ्ठीवर ‘लाल’ लिहिलं, खोडलं. दुसरीवर ‘केशरी’ लिहिलं, तेही खोडलं.

मेहुणी दर फोनला विचारते. कंद नीट आहेत, असं तो सांगतो. चिठ्ठ्या लिहायच्या राहिल्या आहेत.