पेटीसमोर तुळजाआत्या

तुळजाआत्यानं टेपरेकॉर्डरला हात जोडले, कपाळावरचा घाम टिपला आणि पोथी वाचावी तशा सुरात सुरुवात केली. "श्रोतेजनहो, मी सांप्रत मद्रास नगरीं वास्तव्य करितें..."

कनकानं यंत्र पुन्हा बंद केलं. आत्या म्हणजे तिच्या वडिलांची बहीण. तिच्या तोंडची तंजावरी मराठी ऐकत कनका वाढली आणि त्याच मराठीवर आता ती विद्यापीठात प्रबंध लिहीत होती. यंत्र संध्याकाळी परत करायचं होतं. कनकाचे भाऊ घरातसुद्धा तमिळच बोलायचे. आत्याच्या मागे ही बोली घरात कोण बोलणार, या विचारानं कनकाचा जीव कासावीस व्हायचा. आणि आत्या होती की ठेवणीतलं रेशमी लुगडं नेसून ठेवणीतलंच बोलत होती.

"आत्या, असें नको. रोज बोलतीस तसें बोल की."

"रोजचें कशाला गे पेटींत घालतेस? लोक हांसतील."

तेवढ्यात शेजारच्या सुनीतीबाई दारात आल्या. नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीमुळे त्या पुण्याहून मद्रासच्या या नुंगंबाक्कम भागात आल्या होत्या. महाराष्ट्रातलं कोणी आलं की कनका सोडून घरातल्या सगळ्यांनी तमिळ किंवा इंग्रजी बोलायचं, हा या घरचा न सांगता पाळलेला नेम. आज गडबडीत आत्या तो विसरली.

"यावें, बसावें. कापी घेतां कां? आतांच डिकॉक्शन उतरलेंय."

सुनीतीबाईंना हसू आवरेना. "अगबाई, किती गोड! नाटकातल्या दरबारात आल्यासारखं वाटतं हो." मग कनकाकडे वळून म्हणाल्या, "एवढी भाषाशास्त्र शिकलीस, तर आधी यांना शुद्ध बोलायला शिकव की."

आत्याचा चेहरा उतरला. ती स्वयंपाकघरात गेली.

कनकाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सुनीतीबाईंशी ती आजवर जपून, पुस्तकी मराठीत बोलत आली होती. आज तिनं ते सोडलं.

"शिकविणें माझें काम नाहीं, बाई. ऐकणें माझें काम. लोक बोलतात तें नीट ऐकायचें, आणीक कोणी त्याला चूक म्हटलें तर आडवें उभें राहायचें."

"अगं, मी गंमत केली."

"ह्याच गंमतीला भिऊन आम्चें घर गप्प बसतें. कापी घ्या, बसा. पण आत्याला शिकवायचें नाहीं."

सुनीतीबाई कॉफी न घेताच गेल्या. आतून आत्या म्हणाली, "शेजारणीशीं कशाला भांडलीस? त्यांचें मराठी खरें."

"आणीक तुझें?"

आत ट्रंकेचं झाकण वाजलं. कनकानं हताश होऊन यंत्राची वायर गुंडाळायला घेतली.

आत्या बाहेर आली ती रोजचं विटकं सुती लुगडं नेसून. हातात विळी आणि केळफूल. यंत्रासमोर तिनं विळी मांडली आणि एक पाय दुमडून बसली.

"लाव ती पेटी."

कनकानं घाईघाईनं वायर जोडली.

"मी तुळजा. तंजावरची. मला मराठी येतें कां, हें कोणी विचारायचें नाहीं. नवरा गेला तेव्हां ह्याच मराठींत रडलें. ह्या पोरीची आई गेली, तेव्हां हिला ह्याच मराठींत निजविलें. तेव्हां कोणाला हांसूं आलें नाहीं." केळफुलाचं एक पान तिनं सोलून बाजूला टाकलं. मग नवऱ्याची छत्री, सासूचा जाच, तंजावरच्या तळ्यात हरवलेली नथ, एकेक निघत गेलं. आत्या यंत्राकडे बघतही नव्हती.

फीत संपली. तिचं सुटं टोक फिरत्या चकरीवर फटफट आपटू लागलं. कनकानं हात पुढे करून यंत्र बंद केलं.

आत्या केळफूल सोलत बोलतच होती. कनकानं तिला थांबवलं नाही.