परीक्षकांनी उचललेली काडी

रोहिणीबाईंनी काचेच्या दोन्ही पेट्या पुन्हा पुसल्या. एकीत सोनकिडा, दुसरीत काडीकिडा. तिसगावच्या वरच्या डोंगरातल्या झाडीत, काट्यांत हात घालून त्यांनी स्वतः धरून आणलेले. एक लखलखून पाखरांना बिचकवणारा, दुसरा वाळक्या काडीचं सोंग घेऊन जीव वाचवणारा. ह्या दोन तऱ्हांची तुलना, हाच बाईंचा प्रयोग. गेली दोन वर्षं शिक्षकांच्या विज्ञान प्रदर्शनात राधाकृष्ण सरांच्या थर्माकोलच्या ज्वालामुखीनं बाजी मारली होती. यंदा मात्र जिल्ह्याला आपणच जायचं, असं बाईंनी पक्कं ठरवलं होतं.

परीक्षक काकासाहेब आले आणि रीतीप्रमाणे आधी जेवायला बसले. पाटवडी-रस्सा झाला, ढेकर झाले, गप्पा झाल्या. बाई आपल्या ताटकळत उभ्या. एकदाचे साहेब टेबलापाशी आले.

"वा! लई चमकतोय की!" सोनकिड्यावर ते खूश झाले. "आन ह्या पेटीत काय हाय?"

"नीट बघा साहेब, तीच तर गंमत आहे," म्हणत बाईंनी झाकण काढलं.

साहेबांच्या दाढेत मघापासून काहीतरी अडकलं होतं. त्यांनी पेटीतली बरीशी काडी उचलली आणि थेट तोंडाशी नेली. काडीनं पाय हलवले.

"आयो!" साहेबांनी हात झटकला. राधाकृष्ण सर खो खो हसले, तसे साहेब बाईंवरच उखडले.

"अहो, किडा गेला कुठं?" बाई टेबलाखाली शिरल्या, अंगणातला पाचोळा उपसून आल्या. ह्या माणसाला देवानं डोळे दिलेत कशाला, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"बाई, तुमच्याकडं एकच किडा हाय. तुलना कशाची करू?" म्हणत साहेब ज्वालामुखीकडं वळले. थोड्या वेळानं माईकवरून राधाकृष्ण सरांचं नाव पुकारलं गेलं.

बाई पायरीवर बसून राहिल्या. मनातल्या मनात साहेबांच्या डोळ्यांना नावं ठेवत होत्या. खिचडी शिजवणाऱ्या मालनबाई जवळ आल्या.

"बाई, खांद्याला काडी चिकटली वं," म्हणत त्यांनी हात पुढं केला.

बाईंनी तो हात वरच्यावर धरला. खांद्यावरच्या पदराच्या काठावर काडीकिडा पाय रोवून निवांत बसला होता. एवढा वेळ त्याला अंगावर घेऊनच त्या त्याला शोधत हिंडल्या होत्या, साहेबांच्या नाकासमोर. आता साहेबांना नावं ठेवायचीही सोय उरली नव्हती.

"राहू द्या, मालनबाई," त्या कशाबशा म्हणाल्या आणि त्यांना रडूच फुटलं. किड्यानं आपलं काम चोख केलं होतं.