पहिल्या कव्हरावरचा अंगठा

माझं डोकं तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं ऐकताना बाई बिचारी साधीभोळी होती असं कुणाला वाटायला नको. मी हन्ना भिंगारदिवे. नगरच्या एमआयडीसीत माझं फायबरचं वर्कशॉप आहे. उन्हाळ्यात कूलरच्या बॉड्या, एरवी टाक्यांची झाकणं, ट्रॅक्टरची हुडं, जे येईल ते आम्ही करतो. आम्ही म्हणजे मी आणि गोरक्ष. चौदा वर्षं तो माझ्याकडे होता, आता नाही.

तीन वर्षांपूर्वी आप्पासाहेब आले. जायकवाडीच्या बॅकवॉटरला मासेमारी करणाऱ्यांची सोसायटी आहे, तिचे ते चेअरमन. होडीच्या मागच्या फळीला टांगायचं पेट्रोलचं मशीन त्यांनी टेम्पोतून उतरवलं. शिकलेले लोक त्याला आउटबोर्ड म्हणतात, होडीवाले नुसतं मशीन म्हणतात. ते वाऱ्यावर थंड होणारं होतं. उघडं ठेवलं की प्लगवर शिंतोडे उडून बंद पडायचं, आणि वरून डबा घातला की तापून बंद पडायचं. दोन्हीकडून माणसाला धरणाच्या मधोमध वल्हं मारायची पाळी.

"बाई, तुमी कूलर करता ना? मग आमच्या मशीनलाबी गार ठेवनारं झाकन करा की," आप्पासाहेब म्हणाले.

मी म्हटलं करते. म्हणायला काय जातं? पुढे सहा महिने माझी आणि गोरक्षची झोप उडाली. आमच्याकडे कुठली आलीय लॅब. कव्हरच्या आत फळीवर गव्हाचं पीठ पसरायचं आणि बाहेरून गाडी धुवायच्या पाइपानं फवारा मारायचा. आत थेंब गेला की पिठाची गोळी व्हायची. मग मशीन चालू करून आत मेणबत्तीचा तुकडा चिकटवायचा. चर्चमधल्या उरलेल्या मेणबत्त्या मी पिशवी भरून आणल्या होत्या. मेण वितळलं तर कव्हर फेल. पीठ कोरडं राहिलं की मेण वितळायचं, मेण टिकलं की पिठाच्या गोळ्या व्हायच्या. दहा कव्हरं अशी गेली. गोरक्ष म्हणायचा, "बाई, एवढ्या पिठात माझ्या आईनं महिनाभर भाकऱ्या घातल्या असत्या." मी म्हणायचे, गव्हाच्या पिठाच्या भाकऱ्या तुझी आईच करो.

अकराव्याला जमलं. हवा मागच्या बाजूनं खालून आत घ्यायची, पण सरळ नाही. आत दोन आडवे पडदे ठेवायचे, म्हणजे हवेला दोनदा वळावं लागतं. वेगात आलेल्या थेंबाला वळता येत नाही. तो पडद्यावर आपटतो आणि खालच्या भोकातून गळून जातो. हवा तेवढी पुढे जाते आणि मशीन गार करून वरच्या पाख्याखालून बाहेर पडते. त्या दिवशी मेण टिकलं, पीठही कोरडं राहिलं. मला रडू आलं, लपवत नाही. आयुष्यभर दुसऱ्याचं सॅम्पल समोर ठेवून काम केलं, हे पहिलं काम माझ्या डोक्यातून आलं होतं. कव्हरावर माझं नाव उमटावं आणि डिझाईन माझ्या नावावर नोंदलं जावं, एवढी एकच हाव मला सुटली.

मग त्या अकराव्याचा पक्का साचा केला. साच्यातून पहिलं कव्हर काढताना मुठीजवळचा कोपरा उडाला. मी पुटी भरली आणि अंगठ्यानं दाबून धरली. पुटी वाळली तसा अंगठ्याचा खड्डा तिथेच राहिला. माझ्या अंगठ्यावर ग्राइंडरनं कापल्याची तिरपी खूण आहे, तीसुद्धा त्यात उमटली. गोरक्ष हसला. "बाई, सही केली तुमी," म्हणाला. घासून टाकायचं आमच्या दोघांच्याही जिवावर आलं. असं कव्हर गिऱ्हाइकाला देता येत नाही, म्हणून ते फळीवर ठेवून दिलं.

तेव्हा नोहा आला. नोहा माझा धाकटा भाऊ, सावेडीत राहतो. लोकांची लायसन्सं, नोंदण्या, असली कागदपत्रं करून देतो. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, त्याला मीच वाढवलं. माझ्या डिझाईनच्या नोंदणीचे कागद त्याच्याकडेच दिले होते. त्यानं ते खड्ड्याचं कव्हर उचललं आणि म्हणाला, "ताई, हे मला दे. तुझं पहिलं काम आहे, शोकेसमध्ये ठेवतो." मला इतकं भरून आलं की मी आणि गोरक्षनं ते जुन्या चादरीत गुंडाळून नोहाच्या गाडीत ठेवून दिलं.

पाच महिन्यांनी आप्पासाहेबांचा फोन आला. घोडेगावात स्पेअर पार्टच्या दुकानात अगदी असंच कव्हर आलंय, नाव दुसरं हाय, पण आतले पडदेसुद्धा तसेच. सोसायटीच्या लोकांनी तिथूनच घ्यायचं ठरवलंय. मी फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. आप्पासाहेबांना आम्ही नमुना दाखवला होता. ते सोडले तर आतले पडदे कुणाला माहीत? मला आणि गोरक्षला. आणि गोरक्ष नुकताच आठ दिवस सुट्टी काढून गावाला गेला होता.

अकराच्या चहाला सगळी एमआयडीसी टपरीवर असते. मी तिथे गेले आणि सगळ्यांसमोर गोरक्षला चोर म्हटलं. एकदा नाही, तीनदा. चौदा वर्षं माझं मीठ खाल्लंस आणि घोडेगावात माझं कव्हर विकून केसानं गळा कापलास, असंही म्हटलं. त्यानं खिशातली वर्कशॉपची किल्ली काढून टपरीच्या फळीवर ठेवली आणि गेला. कागदांवर सह्या घ्यायला नोहा त्या दिवशी आला होता. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे ताई, ही माणसं अशीच," म्हणाला. मला त्या हाताचा केवढा आधार वाटला.

मी पोलिसांत जायचं म्हटलं की नोहा म्हणायचा, कशाला ताई, नाहक मनस्ताप. महिनाभर त्याचं ऐकलं. मग म्हटलं, आपण तक्रार करणारच. पुरावा म्हणून एक कव्हर विकत घ्यायला शुक्रवारी घोडेगावला गेले. बाजाराचा दिवस, हायवेपर्यंत बैल बांधलेले. दुकानदारानं कव्हर काढलं आणि मला समजावू लागला.

"बघा मावशी, उचलायची सोय केलीय. इथं अंगठा ठेवायचा, इथं मूठ धरायची."

मी अंगठा ठेवला. तो बरोब्बर बसला. तिरप्या खुणेला तिरपी खूण लागली.

दुसरं दाखवा म्हटलं. दुसऱ्यावरही खड्डा होता. तिसऱ्यावरही. ज्यानं नक्कल केली त्याला तो खड्डा डिझाईनचाच भाग वाटला होता. तयार मालाला मेण चोळून त्याच्यावरूनच साचा काढला की त्याचे सगळे दोष साच्यात उतरतात, हे मी लोकांना शिकवते. आणि खड्ड्याचं कव्हर जगात एकच होतं. गोरक्षला चोर म्हणण्याआधी असलं एक कव्हर हातात घेऊन बघितलंही नव्हतं मी. चाळीस वर्षं हातानं काम केलं आणि नेमका त्या दिवशी तोंडानं न्याय केला.

तशीच सावेडीला गेले. नोहाच्या शोकेसमध्ये माझं कव्हर होतं, लख्ख पुसलेलं. मुठीच्या खाचेत नखानं खरवडलं तर मेण निघालं. मी ते बोट त्याच्यासमोर धरलं. त्यानं आधी पंखा वाढवला, मग बसला.

"ताई, नाव घरातच आहे ना?" म्हणाला. "नोंदणी माझ्या नावानं केली. तू वर्कशॉप सोडून कुठे धावपळ करणार होतीस? डिझाईन घेणारी पार्टी मोठी आहे, पुण्याची. मी तुला सांगणारच होतो."

"कधी?"

तो शोकेसची काच पुसू लागला.

"टपरीवर मी गोरक्षला चोर म्हणत होते, तेव्हा तू माझ्या शेजारी उभा होतास."

"तू इतकी चिडली होतीस, मला मध्ये बोलताच आलं नाही."

मला वाटलं होतं मी किंचाळेन, वस्तू फेकेन. काही झालं नाही. ज्याला तो नऊ वर्षांचा असल्यापासून मी हातानं भरवलं, त्यानं माझ्या तोंडून दुसऱ्याला चोर ठरवून घेतलं आणि वर माझ्याच खांद्यावर हात ठेवला. माझं डिझाईन नेलं ते एक वेळ समजलं असतं. तो हात कसा ठेववला त्याला? मी कव्हर उचललं. "ताई, ते शोकेसमधलं," तो म्हणाला तोवर मी दाराबाहेर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं गोरक्षच्या गावी, मिरजगावला गेले, कव्हर मांडीवर घेऊन. गोरक्ष हायवेला एका शेडमध्ये टेम्पोचा फुटका बंपर सांधत होता. चोर म्हटलेल्या माणसाला नगरात कुणी कामावर घेतलं नव्हतं. त्याची आई, झुंबरबाई, त्याचा डबा घेऊन आली होती. तिनं मला बघितलं, पेल्यात पाणी दिलं आणि बाजूला जाऊन बसली.

मी कव्हर त्याच्यापुढे ठेवलं. सगळं सांगितलं, नोहाचं नाव घेऊन. चुकले म्हटलं. हा शब्द माझ्या तोंडात बसत नाही, तरी म्हटलं. गोरक्षनं हात पुसले आणि खड्ड्यावरून बोट फिरवलं.

"मला ठाऊक हुतं बाई. तुमी बोलल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी मी घोडेगावला गेल्तो. हात लावला आन् कळलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुनाचं नाव सांगायचं? तुमच्या भावाचं? चोर तर झालोच हुतो, खोटारडाबी ठरलो असतो. तुमी मला एकदा तरी इचारायला पायजे हुतं. घेतलं का रे, एवढंच. मी न्हाई म्हनलो असतो."

मी म्हटलं, मी नोहाविरुद्ध तक्रार करणार आहे, डिझाईन परत माझ्या नावावर आणणार आहे. पीठ, मेणबत्त्या, अकरा कव्हरं, हे सगळं बघणारा माझ्याशिवाय तूच आहेस. आणि टपरीवर अकराच्या चहाला, सगळ्यांसमोर, मी माझे शब्द परत घेईन. वर्कशॉपची किल्ली त्या दिवसापासून माझ्या पर्समध्येच होती. मी ती काढून कव्हरावर ठेवली.

त्यानं किल्ली उचलली, माझ्या हातात परत दिली आणि बंपरकडे वळला.

"साक्षीला येतो बाई. तारीख कळवा. कामाला न्हाई येनार."