सातव्या बाटलीचं कुळ

"चाळीसपैकी बत्तीस, मावशी," पोरगी दारातूनच म्हणाली. "बत्तीस बाटल्यांत माश्यांचे पंख आखूड झालेत. गरम कपाटातली बत्तीस घराणी, एकमेकींचं तोंड न बघता, एकाच वाटेनं गेली. हा योगायोग नाही, उष्णतेचाच परिणाम आहे."

मी माश्यांचं खाणं शिजवत होते. या प्रयोगशाळेत माश्या सांभाळायचं काम बावीस वर्षं माझ्याकडे आहे. पोरगी सहा वर्षं इथे पीएचडीसाठी घासतेय आणि उद्या तिला परीक्षकांसमोर उभं राहायचं होतं.

"तोंड न बघता म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे कुठल्याच बाटलीचं दुसरीशी नातं नाही. आमचं सगळं गणित तेवढं धरूनच चालतं."

मी गॅस बंद केला.

दुसऱ्या वर्षी आईच्या आजारपणामुळे ती महिनाभर घरी होती. तेव्हा कपाट बिघडून भलतंच तापलं आणि सव्वीस बाटल्यांतल्या माश्या मेल्या. नोकरी जाणार म्हणून माझी पाचावर धारण बसली. सातवी बाटली नुसती बुजबुजलेली होती. तिच्यातल्याच माश्या मी त्या सव्वीस बाटल्यांत सोडल्या आणि लेबलं तीच ठेवली. माशी ती माशी, असं वाटलं. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

आताही गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. पण मला तिच्या तोंडाकडे बघवेना. सांगून टाकलं.

ती आधी हसली. थट्टा वाटली तिला. मग मटकन खुर्चीत बसली.

"कुठल्या सव्वीस?"

नंबर मला तोंडपाठ होते. मी सांगत गेले, ती वहीत खुणा करत गेली.

"सातवीचे पंख आखूड, म्हणून तिच्या सगळ्या लेकींचे आखूड," ती म्हणाली. "उरलेल्या तेरांत फक्त पाच. म्हणजे खरी घराणी चौदा, त्यातली सहा. नाणं उडवलं तरी एवढं येतं, मावशी."

तिनं वही मिटली.

"चार वर्षं गप्प राहिलात?"

"राहिले."

"मीही कधी विचारलं नाही. वेगळ्या आहेत असं धरून बसले." ती रडली असती तर बरं वाटलं असतं. ती वही घेऊन उठली. "माझ्या गाईड सरांना सांगायला हवं."

"मीच सांगते. चूक माझी आहे."

"या. पण आधी लेबलं बदला."

ती गेली. सव्वीस बाटल्यांवर मी सात लिहिलं. एकेक आकडा सावकाश काढला. मग ॲप्रन खुंटीला अडकवला आणि सरांच्या खोलीकडे निघाले.