पिवळा अंगठा

मुलांनो, एक गुळगुळीत दगड डोळ्यांसमोर आणा. चांगला टेबलाएवढा. त्यावर चित्रकाराने तेलकट खडूने एक नाचणारी बाई काढली आहे. दगडाला शाई लावून कागद दाबला की बाई कागदावर उतरते. हजारभर कागद छापून झाले की एक माणूस येतो, वाळू आणि पाणी टाकून दगड घासतो. बाई नाहीशी होते. दगड पुन्हा कोरा.

दिसला तो माणूस? त्याचं नाव अन्सेल्म. पॅरिसच्या एका शिळाछापखान्यात एकतीस वर्षं त्याने हेच काम केलं. आता तो म्हातारा झाला आहे, आणि नात झेलीचा हात धरून प्रदर्शनात शिरतो आहे. भिंतींवर त्याच चित्रकाराची पोस्टरं सोनेरी चौकटींत टांगली आहेत.

"ही मीच पुसली," अन्सेल्म म्हणाला. "ती सायकलवालीसुद्धा."

"हळू बोला ना आजोबा. लोक पोलिसांना बोलावतील." झेलीच्या तोंडात कॅरमेल होतं आणि बोटंही चिकट झाली होती.

पण अन्सेल्म या बायकांसाठी आला नव्हता. त्याला एकच कागद हवा होता.

प्रत्येक रंगाचा दगड वेगळा असतो. कागद दर वेळी अगदी त्याच खुणेवर ठेवावा लागतो, नाहीतर रंग रेषेबाहेर जातो. हे काम मुलींचं. त्याच छापखान्यातली लेओंतीन त्यात पटाईत होती. पिवळा रंग छापायच्या दिवशी अन्सेल्म ओल्या हातांनीच तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "माझ्याशी लग्न करशील?" तिचा हात हलला. नाचणारीची पिवळी शाल बोटभर बाहेर सरकली. मुकादम ओरडला, तसा लेओंतीनने कागद झटकन उचलला आणि तिच्या रंगलेल्या अंगठ्याचा ठसा खालच्या कोऱ्या कडेवर उमटला. अन्सेल्मला तिने आधी गाढव म्हटलं, मग हो म्हटलं.

तो बिघडलेला कागद पोस्टरं चिकटवणाऱ्याने नेला आणि कुणा हौशी माणसाला विकला. लेओंतीनला जाऊन दोन हिवाळे झाले. तिचा फोटो नव्हता. काढू, काढू म्हणता राहूनच गेला.

शेवटच्या दालनात तो कागद होता. एक बाई लोकांना समजावून सांगत होत्या, "शालीचा रंग रेषेबाहेर गेलाय, पाहिलंत? नाचाचा वेग दाखवायला चित्रकाराने मुद्दाम केलेली करामत आहे ही."

"कसली करामत, बाई! आमच्या हिचा हात हलला होता."

लोक हसले. अन्सेल्मचं तिकडे लक्षच नव्हतं. तो खालच्या कोपऱ्याशी वाकला होता. काचेखाली चित्राच्या चारी बाजूंनी रुंद पांढरा पुठ्ठा बसवला होता. कड त्याखाली झाकली गेली होती.

"साहेब," त्याने पहारेकऱ्याला विचारलं, "हा पुठ्ठा जरा उचलता येईल? खाली अंगठा आहे. माझ्या बायकोचा."

"चौकट उघडू? माझ्या नोकरीवर उठलात की काय, बाबा? अहो, लोक चित्र बघायला येतात. कड कोण बघतं?"

"मी बघतो."

"खरंच माझ्या हातात नाही हो," पहारेकरी हलकेच म्हणाला आणि शेजारच्या काचेवरचे नाकांचे डाग फडक्याने पुसू लागला.

अन्सेल्म तिथेच उभा राहिला. त्याचं बोट काचेपर्यंत गेलं आणि थबकलं. छापलेल्या कागदाला उगाच हात लावायचा नाही, ही छापखान्याची शिस्त अंगात मुरली होती.

"कुठे आहे, आजोबा?"

"इथे. उजव्या कोपऱ्यात, पुठ्ठ्याखाली."

"केवढा?"

"तुझ्यापेक्षा थोडासाच मोठा. हात लहान होते तिचे."

झेलीने आपला चिकट अंगठा बरोबर त्या जागी काचेवर दाबला. पांढऱ्या पुठ्ठ्यावर पिवळसर ठसा दिसू लागला.

अन्सेल्मने चष्मा काढला, पुन्हा लावला.

"अगं ए! काच!" पहारेकरी फडकं घेऊन धावत आला.

झेलीने ते फडकं त्याच्या हातातून काढून घेतलं.

"पुसायचं काम आमच्या आजोबांचं आहे," ती म्हणाली, आणि तिने ते अन्सेल्मच्या हातात दिलं.